अमेरिकेतील दूरचित्रवाणी खरेदी वाहिन्यांवरील कपडेविक्रीतील घट

अमेरिकेतील दूरचित्रवाणी खरेदी वाहिन्यांवरील कपडेविक्रीतील घट हा त्या देशातील किरकोळ व्यापारात एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत झालेल्या स्थित्यंतराचा एक भाग आहे. क्यूव्हीसी आणि एचएसएन (होम शॉपिंग नेटवर्क) या दोन प्रमुख वाहिन्यांच्या विक्रीला २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात गळती लागली. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात ती काहीशी सावरली. २०२१ नंतर मात्र सातत्याने घटत गेली. दागिने, सौंदर्यप्रसाधने व घरगुती वस्तूंबरोबर कपडे हा या वाहिन्यांच्या व्यवसायाचा एक प्रमुख आधार होता.

या घटीचे कारण केवळ महाजाल हे नाही. केबल दूरचित्रवाणीचा प्रेक्षक कमी होणे, नियमित ग्राहकांचे वय वाढत असताना नवे ग्राहक पुरेशा संख्येने न येणे, स्वस्त कपड्यांची अन्यत्र मुबलक उपलब्धता, माप न जुळल्याने परत येणाऱ्या मालाचा खर्च आणि महासाथीनंतर बदललेल्या पेहरावाच्या सवयी ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. कपडे अंगावर घालून दाखवत त्यांची थेट विक्री करण्याची पद्धत मात्र नाहीशी झालेली नाही. ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर स्थलांतरित झाली आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील या व्यवसायाचा उगम फ्लोरिडा राज्यातील क्लिअरवॉटर येथील एका नभोवाणी केंद्रात झाला, असे मानले जाते. १९७७ मध्ये एका जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडण्याची विजेवर चालणारी ११२ यंत्रे केंद्राला दिली. केंद्राचे मालक लोवेल पॅक्सन यांनी ती निवेदक बॉब सिरकोस्टा यांच्याकडून कार्यक्रमात विकायला लावली आणि ती सर्व विकली गेली. या अनुभवावरून पॅक्सन व रॉय स्पीअर यांनी १९८२ मध्ये टॅम्पा परिसरातील केबल प्रेक्षकांसाठी होम शॉपिंग क्लब सुरू केला. १९८५ मध्ये त्याचे प्रक्षेपण देशभर होऊ लागले आणि त्यातून एचएसएन ही वाहिनी आकाराला आली.

जोसेफ सेगेल यांनी १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर येथे क्यूव्हीसीची स्थापना केली. गुणवत्ता, मूल्य व सोय या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून वाहिनीचे नाव पडले. सुरुवातीला या वाहिन्यांवर दागिने आणि घरगुती उपकरणे यांचा भरणा होता. फॅशनविश्वातील प्रतिष्ठित मंडळी दूरचित्रवाणीवरील विक्री कमी दर्जाची मानत असत. १९९२ मध्ये ख्यातनाम वेशभूषाकार डायान फॉन फुर्स्टेनबर्ग यांनी क्यूव्हीसीवरून रेशमी कपड्यांचा संग्रह विक्रीस आणला आणि सुमारे दोन तासांत १२ लाख डॉलरची विक्री झाली. या घटनेने कपडे या वर्गाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पुढे बॉब मॅकी, आयझॅक मिझराही (२००९ पासून) इत्यादी वेशभूषाकारांचे खास संग्रह या वाहिनीवर आले. सुझन ग्रेव्हर, डेनिम अँड कंपनी, क्वॅकर फॅक्टरी यांसारखी नाममुद्रांकित वस्त्रे प्रामुख्याने दूरचित्रवाणीमुळेच घराघरांत पोहोचली.

२०१७ च्या अखेरीस क्यूव्हीसीच्या मालक कंपनीने एचएसएन विकत घेतली. २०१८ मध्ये या समूहाने क्युरेट रिटेल हे नाव घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बदलून क्यूव्हीसी ग्रुप असे केले.

कपडे विकण्याची पद्धत

टपालाने येणाऱ्या मालसूचीत कपड्याचे एकच स्थिर छायाचित्र असे. दूरचित्रवाणीवर तोच कपडा चालताना, बसताना व वळताना दिसे. सूत्रसंचालिका कापड हातात घेऊन त्याचा पोत, ताण, घेर आणि शिवण यांविषयी बोलत असे. निरनिराळ्या वयांच्या व बांध्यांच्या स्त्रिया तोच सदरा निरनिराळ्या मापांत घालून दाखवत. कोणते माप संपत आले आहे आणि कोणता रंग शिल्लक आहे, याची माहिती पडद्याच्या कडेला बदलत राही. आधी खरेदी केलेल्या ग्राहक स्त्रिया कार्यक्रमात दूरध्वनी करून आपला अनुभव सांगत. एका दिवसापुरती खास सवलतीची एक वस्तू ठरवणे आणि रक्कम बिनव्याजी हप्त्यांत भरण्याची मुभा देणे या युक्त्याही नित्याच्या होत्या.

या पद्धतीचा खरा लाभ एका विशिष्ट ग्राहकवर्गाला झाला. अमेरिकेतील अनेक दुकाने तरुण व सडपातळ ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून माल भरत आणि मोठ्या मापांचे कपडे कोपऱ्यातल्या वेगळ्या विभागात ठेवत. खरेदी वाहिन्यांनी मध्यमवयीन, वयस्कर आणि स्थूल बांध्याच्या स्त्रियांना पडद्यावर उघडपणे स्थान दिले. कमरेला इलॅस्टिक असलेल्या विजारी, पूर्ण बाह्यांचे सैलसर सदरे, धुण्यास सोपे विणलेले कापड अशा वस्त्रांना त्यामुळे स्थिर मागणी लाभली. क्वॅकर फॅक्टरीच्या संस्थापक जीन बाइस यांची सणासुदीची नक्षीदार स्वेटरे हे याचे ठळक उदाहरण होय. बाइस यांचे २०११ मध्ये निधन झाले. त्यांच्या चाहत्या स्त्रियांचा स्वतंत्र समुदायच निर्माण झाला होता.

प्रेक्षक आणि पडद्यावरील व्यक्ती यांच्यातील अशा एकतर्फी जिव्हाळ्याचे विवेचन डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच केले होते. खरेदी वाहिन्यांचा व्यवसाय बऱ्याच अंशी या जिव्हाळ्यावर उभा राहिला. बहुतांश विक्री जुन्या ग्राहकांच्या पुनःखरेदीतून होत असे. ही बाब दीर्घकाळ बलस्थान ठरली. मात्र नव्या ग्राहकांचा ओघ आटल्यावर तीच अडचणीची झाली.

विक्रीतील घट

अमेरिकेतील क्यूव्हीसी व एचएसएन यांचे एकत्रित उत्पन्न २०२० मध्ये सुमारे ८.५ अब्ज डॉलर होते. २०२२ मध्ये ते सुमारे ७.४ अब्ज, २०२३ मध्ये सुमारे ७ अब्ज आणि २०२४ मध्ये साडेसहा अब्ज डॉलरच्या आसपास आले. या आकड्यांत वाहिन्यांच्या संकेतस्थळांवरून व उपयोजनांवरून झालेली विक्रीही समाविष्ट आहे.

घट सर्व वर्गांत एकाच वेळी झाली नाही. २०२० मध्ये लोक घरीच असल्याने स्वयंपाकघरातील उपकरणे व घरसजावटीच्या वस्तू यांना मागणी वाढली, तर कपडे व दागिन्यांची मागणी घसरली. पुढील वर्षी बाहेरचे व्यवहार सुरू झाल्यावर कपड्यांची विक्री काही प्रमाणात सावरली आणि घरगुती वस्तूंची मागणी ओसरू लागली. अधूनमधून अशी भरती आली, तरी एकूण ग्राहकसंख्या आक्रसत गेल्याने कपड्यांचा व्यवसायही त्याबरोबर आकुंचित झाला.

तिसऱ्या क्रमांकाच्या शॉपएचक्यू या वाहिनीच्या मालक कंपनीने, म्हणजे आयमीडिया ब्रँड्सने, जून २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला.

कारणे

प्रेक्षकसंख्येतील घट

खरेदी वाहिनीकडे प्रेक्षक बहुधा ठरवून येत नसे. तो एका वाहिनीवरून दुसऱ्या वाहिनीवर जाताना वाटेत थांबत असे. म्हणूनच लोकप्रिय वाहिन्यांच्या शेजारचा क्रमांक मिळवण्यासाठी या कंपन्या प्रयत्नशील असत आणि केबल वितरकांना त्यांच्या भागातील विक्रीवर दलाली देत. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील सुमारे १० कोटी घरांत सशुल्क केबल किंवा उपग्रह सेवा होती. त्यानंतर कोट्यवधी घरांनी ही सेवा बंद केली. नील्सन या मोजणी संस्थेनुसार जुलै २०२२ मध्ये महाजालावरील चित्रप्रवाहांचा पाहण्याच्या वेळेतील वाटा प्रथमच केबलपेक्षा अधिक झाला.

चित्रप्रवाह सेवेत प्रेक्षक आपला कार्यक्रम आधीच निवडतो. वाटेत थांबण्याची संधी तेथे राहत नाही. कपड्यांच्या बाबतीत या बदलाचा परिणाम विशेष झाला. बिघडलेल्या मिक्सरच्या जागी नवा घेणारा ग्राहक त्याचा शोध मुद्दाम घेतो. परंतु स्वेटरची गरज अनेकदा तो पाहिल्यानंतरच जाणवते. न शोधता होणारी ही खरेदी वाहिन्यांच्या कपडेविक्रीचा पाया होती.

ग्राहकवर्गाचे वाढते वय

क्यूव्हीसीचा मुख्य ग्राहकवर्ग मध्यमवयीन व त्यापुढील वयाच्या स्त्रियांचा आहे. निवृत्तीनंतर कामावर घालण्याच्या कपड्यांची गरज कमी होते, लहान घरात राहायला गेल्यावर कपाटातील जागा घटते आणि ठरावीक उत्पन्नात औषधोपचाराचा खर्च अग्रक्रमाने येतो. वर्षानुवर्षे खरेदी करणाऱ्या ग्राहकांकडे कपड्यांचा पुरेसा साठाही झालेला असतो. त्यांच्यानंतरची पिढी केबलविना वाढली असल्याने चाळिशी-पन्नाशीत पोहोचल्यावरही ती आपोआप या वाहिन्यांकडे वळली नाही. २०२४ मध्ये क्यूव्हीसीने पन्नाशीपुढील स्त्रियांना उद्देशून मोठी प्रसिद्धी मोहीम हाती घेतली. तरुण ग्राहकांमागे धावण्यापेक्षा आपल्याच वयोगटातील नव्या स्त्रियांना जोडून घेण्याचा हा प्रयत्न होता.

स्पर्धा आणि किमती

१ जानेवारी २००५ रोजी जागतिक व्यापारातील वस्त्रोद्योगाची कोटा पद्धत संपुष्टात आली. आशियातून येणाऱ्या स्वस्त कपड्यांचा ओघ वाढला आणि अमेरिकेत इतर वस्तू महागत असताना कपड्यांच्या किमती दीर्घकाळ जवळपास स्थिर राहिल्या. टी.जे. मॅक्स, रॉस यांसारखी सवलतीची दुकाने विस्तारली. पुढे शीन व टेमू या संकेतस्थळांनी अत्यल्प किमतीचे कपडे थेट चीनमधून घरपोच पाठवण्यास आरंभ केला. ‘आजची खास किंमत’ या आवाहनाची धार त्यामुळे बोथट झाली. ग्राहक कार्यक्रम चालू असतानाच भ्रमणध्वनीवर तसाच कपडा अन्यत्र काय दराने मिळतो, हे पाहू लागला.

ॲमेझॉनने २००५ मध्ये सुरू केलेल्या प्राइम सदस्यत्वाने विनाशुल्क आणि जलद घरपोच सेवेची सवय लावली. खरेदी वाहिन्या मात्र बहुतेक मागण्यांवर पाठवणीचा वेगळा आकार घेत आल्या होत्या. कमी किमतीच्या सदऱ्यावर हा आकार ठळकपणे जाणवतो.

एका वेळी एकच वस्तू

खरेदी वाहिनीचे भांडवल म्हणजे प्रक्षेपणाची मिनिटे. प्रत्येक मिनिटाला किती विक्री झाली, यावरून कोणत्या वस्तूला किती वेळ द्यायचा, हे ठरते. दहा मिनिटांत एक सदरा दाखवला जात असताना तो ज्यांना आवडत नाही, त्या सर्वांचा वेळ व्यर्थ जातो. संकेतस्थळावर तेवढ्या वेळात ग्राहक रंग, माप व किंमत यांनुसार शेकडो कपडे चाळू शकतो. शिवाय प्रत्येक कपड्याचे अनेक रंग आणि मापे साठवावी लागतात. अंदाज चुकल्यास काही मापे लवकर संपतात आणि उरलेली गोदामात पडून राहतात. कपड्यांवर विद्युत उपकरणांच्या तुलनेत अधिक नफा मिळत असला, तरी पडून राहिलेला माल सवलतीत काढावा लागल्यास तो नफा नाहीसा होतो.

मापांची अनिश्चितता व परत येणारा माल

अमेरिकेत स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या मापांचे एक अधिकृत प्रमाणक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ते १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने मापे ठरवू लागला आणि त्याच क्रमांकाचे दोन कपडे वेगवेगळ्या आकारांचे निघू लागले. पडद्यावर कपडा कितीही बारकाईने दाखवला, तरी तो अंगावर कसा बसेल, हे घरी आल्यावरच कळते. परत आलेल्या कपड्याची वाहतूक, तपासणी, घडी व पुन्हा वेष्टन यांचा खर्च विक्रेत्याला सोसावा लागतो. परतीचे शुल्क ग्राहकाकडून घेतल्यास तो पुढील खरेदी टाळतो. ही अडचण सर्वच दूरस्थ विक्रेत्यांना भेडसावते. तथापि मोठ्या संकेतस्थळांवर शेकडो ग्राहकांचे अभिप्राय आणि त्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे उपलब्ध झाल्याने दूरचित्रवाणीवरील प्रात्यक्षिकाचे वेगळेपण कमी झाले.

पेहरावातील बदल आणि महागाई

टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुजली आणि कचेरीसाठीच्या कपड्यांवरील खर्च घटला. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील वार्षिक महागाईचा दर ९.१ टक्क्यांपर्यंत पोहोचला. अन्न, इंधन व घरभाडे यांच्या तुलनेत कपड्यांची खरेदी पुढे ढकलणे सोपे असल्याने त्यांवरील खर्चाला कात्री लागली.

कंपन्यांच्या अंतर्गत अडचणी

१८ डिसेंबर २०२१ रोजी उत्तर कॅरोलायनातील रॉकी माउंट येथील क्यूव्हीसीच्या विशाल वितरण केंद्राला आग लागली. एका कर्मचाऱ्याचा त्यात मृत्यू झाला आणि कंपनीचे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे केंद्र नष्ट झाले. माल पोहोचण्यास विलंब होऊ लागला आणि काही ग्राहक दुरावले. समूहावर काही अब्ज डॉलरचे कर्ज होते. व्याजदर वाढल्यावर आणि विक्री घटल्यावर हे ओझे अधिक जाणवू लागले. जून २०२२ मध्ये कंपनीने पुनर्रचनेची योजना जाहीर केली. खर्च व मालाचा साठा कमी करण्यात तिला काही प्रमाणात यश आले, तरी विक्रीतील घसरण थांबली नाही. २०२५ मध्ये चिनी मालावरील आयातशुल्कात झालेल्या वाढीने कपड्यांच्या खरेदीखर्चाबाबत नवी अनिश्चितता निर्माण केली.

परिणाम

सर्वांत प्रत्यक्ष परिणाम रोजगारावर झाला. रॉकी माउंट येथील केंद्र पुन्हा न उभारण्याचा निर्णय झाल्याने सुमारे २,००० जणांची नोकरी गेली. त्या परिसरातील मोठ्या रोजगारदात्यांपैकी ते एक होते. जानेवारी २०२५ मध्ये एचएसएनचे फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथील संकुल बंद करून कामकाज वेस्ट चेस्टरला हलवण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२५ मध्ये सुमारे ९०० पदे कमी करण्यात आली.

वेशभूषाकार व छोट्या वस्त्रउत्पादकांसाठीही हा बदल महत्त्वाचा ठरला. एका तासाच्या प्रक्षेपणात देशभर पोहोचण्याचा मार्ग अरुंद झाला. एकाच वाहिनीवर अवलंबून असलेल्या उत्पादकांना स्वतःची संकेतस्थळे किंवा अन्य विक्रेते शोधावे लागले.

ग्राहकांच्या बाजूने पाहता, घराबाहेर पडणे कठीण असलेल्या किंवा संगणक सहजपणे न वापरणाऱ्या वयस्कर स्त्रियांसाठी या वाहिन्या दूरध्वनीवरून कपडे मागवण्याचे सोपे साधन आहेत. आपल्याच बांध्याची स्त्री कपडा घालून दाखवते आणि दुसऱ्या टोकाला माणूस बोलतो, ही सोय शोधयंत्रावर आधारलेल्या दुकानांत मिळत नाही. दुसरीकडे, ‘मोजकेच नग शिल्लक’ अशा सततच्या आवाहनांमुळे एकाकी व्यक्तींना अनावश्यक खरेदीची सवय जडते, अशी टीकाही या वाहिन्यांवर होत आली आहे.

थेट विक्रीचे स्थलांतर

अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील थेट विक्री मंदावत असतानाच चीनमध्ये तिचे नवे रूप फोफावले. अलीबाबा समूहाने २०१६ मध्ये ताओबाओ लाइव्ह ही सेवा सुरू केली आणि तेथे कपडे हा सुरुवातीपासूनच प्रमुख वर्ग राहिला. सूत्रसंचालिका, कपड्याचे प्रात्यक्षिक, मर्यादित साठा आणि ग्राहकांशी संवाद ही सर्व अंगे जुन्या खरेदी वाहिन्यांचीच होती. फरक इतकाच की, विक्रेत्याला केबलच्या वाटेची आणि महागड्या चित्रीकरणगृहाची गरज उरली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये टिकटॉक शॉप अमेरिकेत अधिकृतपणे सुरू झाले. एप्रिल २०२५ मध्ये क्यूव्हीसीने टिकटॉकशी करार करून तेथे चोवीस तास थेट विक्रीचे प्रक्षेपण करण्याची घोषणा केली.

भारतातील स्थिती

भारतात चोवीस तासांच्या खरेदी वाहिन्यांचे युग २००८ मध्ये होमशॉप१८ पासून सुरू झाले. त्यानंतर स्टार समूह व दक्षिण कोरियाची सीजे कंपनी यांची स्टार सीजे ही वाहिनी आली. नवी मुंबईस्थित नापतोलनेही दूरचित्रवाणीवरून विक्रीचा विस्तार केला. २०१५ मध्ये सुरू झालेली बेस्ट डील टीव्ही ही वाहिनी दुसऱ्याच वर्षी बंद पडली.

भारतातील कपडेविक्रीचे स्वरूप मुळातच वेगळे होते. येथे साड्यांचे संच आणि न शिवलेले पोशाखाचे कापड यांची विक्री ठळक होती. साडीला मापाचा प्रश्न नसल्याने अमेरिकेतील परतीच्या मालाची मुख्य समस्या येथे तितकी लागू होत नव्हती. येथील अडचण प्रामुख्याने वस्तू घरी पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीची होती. ग्राहकाने दारात आलेले पार्सल नाकारले, की दोन्ही वेळची वाहतूक विक्रेत्याच्या माथी पडे. नोव्हेंबर २०१६ मधील निश्चलनीकरणामुळे रोखीवर चालणाऱ्या या व्यवहारांना फटका बसला. त्याच वर्षी जिओच्या आगमनाने भ्रमणध्वनीवरील महाजाल स्वस्त झाले आणि लहान गावांतील ग्राहकही मीशोसारख्या उपयोजनांकडे वळले. महाराष्ट्रात अनेक साडीविक्रेते आता फेसबुक व यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणात साडी उलगडून तिचा पदर आणि काठ दाखवतात, मराठीतून प्रश्नांची उत्तरे देतात व व्हॉट्सॲपवर मागणी नोंदवून घेतात.

हेसुद्धा पहा

दूरचित्रवाणी
ई-व्यापार
किरकोळ व्यापार
तयार कपडे
जाहिरात